साक्षीदाराचे शब्द

विद्यार्थ्यांनो, कथा लिहिणाऱ्यास पात्रे व प्रसंग कल्पिण्याची मोकळीक असते. प्रवासवर्णन, आठवणी वा चरित्र लिहिणाऱ्यास ती नसते. ‘हे घडले’ असे तो सांगतो आणि आपण त्याच्या शब्दावर विसंबतो.

कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानात गेले. दक्षिणा मिळवावी व घरचे ऋण फेडावे, एवढाच त्यांचा हेतू. परंतु वाटेतच उठावाचा वणवा पेटला. १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा भटजी त्याच शहरात होते. तेथील कत्तल व लूट त्यांनी पाहिली. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. गंगाजलाची कावड मात्र खांद्यावर घेऊन ते घरी परतले. सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ही हकीकत लिहून काढली. स्वतःची भीती व हालअपेष्टा तीत त्यांनी झाकून ठेवलेल्या नाहीत.

‘माझा प्रवास’ हा ग्रंथ वैद्यांनी १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केला. राज्य परक्यांचे होते. वैद्यांनी भाषा सफाईदार केली, काही मजकूर गाळला, काही बदलला. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून ग्रंथ छापला, तोवर भटजींचे खरे शब्द वाचकांस मिळाले नव्हते. वैद्य नसते तर हकीकत लिहिलीच गेली नसती, हे त्यांचे उपकार थोरच. सत्तेच्या धाकाने मजकूर गाळणे एक वेळ समजू शकते. भाषा सजविणे मात्र मला पटत नाही. साक्षीदाराची बोली हीही साक्षच होय.

आता आपल्या पुसेगावच्या एखाद्या मुलाने नर्सीवर लेख लिहावयास घेतला असे समजा. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. काही अभ्यासक मात्र त्यांचा जन्म पंढरपूरचा मानतात. हे दुसरे मत लिहिताना गावाभिमानाने लेखणी अडखळेल. ते वाक्य ठेवावे की गाळावे, हे कोणी पाहत नसताना ठरवावयाचे असते. एखाद्या वृद्धाने यात्रेची आठवण सांगितली, तर ती ‘ऐकली’ म्हणून लिहावी, ‘पाहिली’ म्हणून नव्हे. आणि बोलण्याच्या ओघात त्याने घरातील कलह वा कर्ज सांगून टाकले, तर? गोष्ट खरी असली तरी लिहिण्यापूर्वी त्याला विचारावे. त्याने नको म्हटले, तर तेवढी जागा सोडून पुढे लिहावे.