दोष कोठे आहे?

पोलादपूरहून महाबळेश्वरास जाणारा रस्ता आंबेनळीच्या घाटाने वर चढतो. एका अंगास उंच कडा, दुसऱ्या अंगास खोल दरी आणि मधून वळणावळणाची वाट. या वाटेने जाणाऱ्या वाहनाचा भार काही पोलादी दांड्यांवर आणि त्यांना धरणाऱ्या बेअरिंगांवर तोललेला असतो. दांडा बेअरिंगात सैल बसला, तर तो खडखडतो, झिजतो आणि ऐन उतारावर दगा देतो. म्हणून बेअरिंगात बसणारा भाग सर्वत्र सारख्याच जाडीचा असावा लागतो.

असे दांडे लेथ यंत्रावर कातले जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगरापासून वाढत गेलेल्या त्यांच्या उद्योगातून १९४१ साली हरिहर येथे यंत्रे घडविणारा कारखाना निघाला आणि तेथे लेथ तयार होऊ लागले. परंतु लेथ कितीही चांगला असला, तरी कारागिराला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच: सरळ कातलेला दांडा निमुळता का झाला?

प्रथम यंत्राची रचना पाहू. डाव्या हातास दांड्याला फिरविणारा भाग असतो. त्याला हेडस्टॉक म्हणतात. दांडा पकडणारा चक त्यावरच बसवितात. उजव्या हातास दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक असतो. हे दोन्ही ज्या लांब बैठकीवर असतात, तिला बेड म्हणतात. बेडच्या कडांवरून हत्यार सरकत जाते. दांड्याचा अक्ष आणि हत्याराची वाट या दोन रेषा समांतर असतील, तरच दांडा सरळ कातला जातो. त्यांपैकी एक जरी कलली, तरी दांडा निमुळता होतो.

समजा, घाटाच्या पायथ्याशी एखाद्या कारखान्यात ३०० मिलिमीटर लांबीचा दांडा दोन टोकदार आधारांमध्ये धरून कातला. मायक्रोमीटरने मोजता हेडस्टॉककडे ४०.०० आणि टेलस्टॉककडे ४०.१२ मिलिमीटर भरले. हा फरक वहीच्या पानाच्या जाडीएवढाच. पण बेअरिंगाला तो फार मोठा. टेलस्टॉक हत्यारापासून दूर सरकलेला असेल, तर असे होते. तो हत्याराच्या बाजूस फरकाच्या निम्मा, म्हणजे ०.०६ मिलिमीटर, सरकविला की दांडा सरळ येईल.

उतावळा कारागीर येथेच स्क्रू फिरवू लागतो. जाणता कारागीर मात्र थांबतो, कारण हेच लक्षण दुसऱ्या दोषांमुळेही दिसू शकते. खरा दोष बेडमध्ये असेल, तर टेलस्टॉक सरकवून हा एक दांडा सरळ येईल. पण निराळ्या लांबीचा दांडा लावताच दोष पुन्हा डोके वर काढील.

म्हणून तो टेलस्टॉकला बाजूस ठेवतो. एक आखूड, जाड कांब केवळ चकमध्ये पकडून तो तिच्यावरून अगदी हलका काप घेतो. कांब थंड झाली, की तो ती दोन ठिकाणी मोजतो; कारण तापलेले पोलाद फुगते आणि खोटे माप सांगते. दोन्ही मापे सारखी आली, तर हेडस्टॉक व त्याच्या जवळचा बेड निर्दोष ठरतो आणि संशय टेलस्टॉकवर येतो.

जोराचा काप घेताना मोकळे टोक जाड राहते आणि हलक्या कापाने तो फरक नाहीसा होतो, असे दिसले तर यंत्र निर्दोष आहे. हत्याराच्या दाबाने कांबच वाकत आहे. बाहेर राहिलेली लांबी दुप्पट केली, की तेवढ्याच दाबाने ती आठपट वाकते!

हलक्या कापानेही कांब निमुळतीच आली, तर बेड पाहावा. जमीन खचली किंवा एक पाय अधांतरी राहिला, की बेडला पीळ पडतो. सूक्ष्म लेव्हल बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांस बुडबुडा पाहावा. दोन्हीकडे तो सारखाच दिसला पाहिजे. पीळ असेल, तर पायांखालची पाचर किंवा स्क्रू किंचित फिरवून तो काढावा आणि पुन्हा हलका काप घ्यावा. बेड निर्दोष ठरल्यावरच हेडस्टॉकला हात लावावा. कारण बेडचा दोष असताना हेडस्टॉक हलविला, तर एकाचे दोन दोष होतात.

वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. कारागिरानेही प्रत्येक कारण एकेकटे पारखावे, एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. घाटातून निर्धास्त जाणाऱ्या प्रवाशाला या कारागिराचे नाव ठाऊक नसते. परंतु त्याचा जीव त्या कारागिराच्या धीरावर विसंबून असतो.

स्वाध्याय
१. टेलस्टॉक फरकाच्या निम्माच का सरकवावा?
२. हेडस्टॉकला सर्वांत शेवटी हात का लावावा?
३. 'एकाचे दोन दोष होणे' याचे तुमच्या पाहण्यातील एक उदाहरण लिहा.