इंग्रजीच्या तासाला मूलनिवासींचा आवाज

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००८ साली मूलनिवासींच्या साहित्यावर आधारलेला बारावीचा इंग्रजी अभ्यासक्रम सुरू झाला. प्रांताचे शिक्षण खाते आणि मूलनिवासींची शिक्षण समिती यांनी तो मिळून तयार केला असून, नेहमीच्या इंग्रजी विषयाइतकीच त्याला मान्यता आहे. पुढे दहावी व अकरावीसाठीही असे अभ्यासक्रम आले. २०२३-२४ या शालेय वर्षापासून तर मूलनिवासीविषयक अभ्यासाचे ४ श्रेयांक मिळविल्याखेरीज तेथील विद्यार्थ्याला शालान्त प्रमाणपत्र मिळत नाही.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत कॅनडात सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना घरापासून दूर, निवासी शाळांत ठेवण्यात आले. मातृभाषेचा शब्द उच्चारला तरी तेथे शिक्षा होई. ११ जून २००८ रोजी पंतप्रधानांनी याबद्दल संसदेत क्षमा मागितली. सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यांत हा इतिहास सर्व शाळांत शिकविण्याची शिफारस आहे. ज्या इंग्रजीपायी मुलांची भाषा हिरावली गेली, त्याच इंग्रजीच्या तासाला आता त्यांचे म्हणणे ऐकले जात आहे, हे या उपक्रमाचे खरे मोल होय.

पुस्तक आणि पडदा

ओजिब्वे लेखक रिचर्ड वॅगमीस यांची 'इंडियन हॉर्स' ही कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि २०१७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. निवासी शाळेत बर्फावरील हॉकीत रमणाऱ्या मुलाची ही कहाणी तो स्वतःच सांगतो. स्वतःवर झालेला अत्याचार मात्र तो बराच काळ वाचकापासून दूर ठेवतो. शब्दांतील हे मौन पडद्यावर कसे उतरते, हा वर्गातील चर्चेचा उत्तम विषय ठरतो.

चित्रपटांची तुलनाही तितकीच बोधप्रद आहे. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या चित्रपटात रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी इन्युइट शिकारी भाल्याने शिकार करताना दाखविले. प्रत्यक्षात त्या काळी ते बंदुका वापरीत होते. चित्रीकरणाला उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर एका बाजूने उघडे ठेवले होते. याउलट, झॅकरायस कुनुक या इन्युइट दिग्दर्शकाचा 'अतानारजुआत' हा चित्रपट इन्युइटांच्याच भाषेत, त्यांच्याच लोककथेवर बेतलेला आहे. २००१ साली कान महोत्सवात पदार्पणाच्या सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार त्याला लाभला. दोन्ही चित्रपट पाहिल्यावर विद्यार्थ्यांपुढे प्रश्न उभा राहतो : ही कथा कोण सांगत आहे, आणि कोणासाठी?

शिक्षकाची जबाबदारी

हा प्रश्न शिक्षकालाही चुकत नाही. या अभ्यासक्रमाच्या तत्त्वांनुसार काही ज्ञान पवित्र मानले जाते आणि ते अनुमतीनेच सांगावयाचे असते. म्हणून एखादी लोककथा वर्गात घेण्यापूर्वी ती कोणत्या समाजाची आहे व ती सांगण्यास त्याची संमती आहे काय, हे पाहणे अगत्याचे असते. हैडा, क्री आणि इन्युइट यांना एकाच साच्यात बसविणे योग्य नव्हे. वर्गातील एखाद्या मूलनिवासी मुलाला साऱ्या समाजाचा प्रवक्ता बनविणे हेही अन्यायाचेच होय. केवळ दुःखाच्या कथा निवडल्या, तर या समाजांचा विनोद, कल्पकता आणि आजचे जीवन नजरेआड होते.

अभ्यासक्रमात पुस्तकाला जागा देणे हे शासनाचे काम. त्या पुस्तकातील माणसाला सन्मानाने वर्गात आणणे हे मात्र शिक्षकाच्याच हाती असते.