मागच्या खोलीपर्यंत इंटरनेट न्यायला किती खर्च येतो?

चिखली-मेहकरकडची जुनी माळवदाची घरं आठवा. फायबरवाला बॉक्स बसवून जातो बैठकीत आणि मुलं अभ्यासाला बसतात मागच्या खोलीत. मधल्या मातीच्या जाड भिंती वाय-फाय अडवतात. मागे टिनाचं शेड असेल तर उरलीसुरली रेंजही जाते. दुकानात गेलं की हजार-दीड हजाराचा रिपीटर पुढे केला जातो. तो घेऊ नका. कमजोर रेंजच तो पुढे ढकलतो आणि साध्या रिपीटरवर वेग जवळपास निम्मा होतो.

पैसे तारेत घाला. बैठकीतल्या बॉक्सच्या लॅन पोर्टपासून कॅट-सिक्स केबल मागे ओढायची आणि तिथे दुसरा राउटर लावायचा. भाव दुकानागणिक बदलतात, पण साधारण हिशेब असा: २५ मीटर केबल, मीटरला २५ ते ४० रुपयांनी ६२५ ते १,०००; दोन्ही टोकांचे जॅक आणि क्रिम्पिंग शंभराच्या आसपास; ड्युअल बँड राउटर १,२०० ते १,८००. घरात जुना राउटर पडून असेल तर तोच वापरा. त्याचा आयपी पत्ता बदला, डीएचसीपी बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचा. मग हजार-अकराशेत काम होतं.

केबल मात्र शुद्ध तांब्याचीच मागा. दहा-पंधरा रुपये मीटरची बहुतेक ‘सीसीए’ निघते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पात्याने तार खरवडा. आतून पांढरी चकाकली तर परत करा. ती लवकर तुटते. एका सलग तारेची मर्यादा १०० मीटर.

गोठ्याकडे किंवा मळ्यातल्या खोलीत न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची तार नकोच. मृगात वीज कडाडली की त्या तारेतून दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. तिथे फायबर टाका. दोन मीडिया कन्व्हर्टरचे दीड-दोन हजार पडतात, जोडणीची मजुरी आधीच ठरवा.

लाइट गेल्यावरचंही बघा. बैठकीतला बॉक्स इन्व्हर्टरवर आणि मागचा राउटर साध्या बोर्डावर असेल तर मागे नेट बंदच. मिनी यूपीएस हजार ते दीड हजारात येतो.

मजुरी देण्याआधी मागच्या खोलीतच मोबाइलवर वेग तपासा. प्लॅन १०० एमबीपीएसपेक्षा मोठा असूनही आकडा ९५च्या पुढे सरकत नसेल, तर राउटरचा पोर्ट १००चा आहे किंवा जॅकमधली एखादी तार नीट बसलेली नाही. जॅक तिथल्या तिथे पुन्हा मारून घ्या.