तीन लहान स्प्रिंगा

मातीच्या धावपट्टीवर अर्धा मीटर लांबीची एक मोटार उभी आहे. तिच्यात कोणी बसलेले नाही. चालक दूर मचाणावर उभा असून त्याच्या हातातील यंत्रातून निघणाऱ्या रेडिओलहरी तिला वळवितात व थांबवितात. तरी तिला खेळणे म्हणून हिणवू नये. तिचे इंजिन अवघे साडेतीन घनसेंटिमीटरांचे. पण मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांच्या मिश्रणावर ते मिनिटाला 30,000 हून अधिक फेरे घेते. अमेरिका, जपान व युरोप येथे अशा गाड्यांच्या शर्यती भरतात.

शर्यतीत इंजिन एकदा बंद पडले, की कोणीतरी धावत जाऊन गाडी उचलून आणावी लागते. तोवर प्रतिस्पर्धी पुढे निघून जातात. म्हणून गाडी थांबली तरी इंजिन चालू राहिले पाहिजे. परंतु क्लच दाबावयास चालकाचा पाय येथे कोठून यावा? हे काम बहुधा तीन लहान स्प्रिंगा करतात.

इंजिनाच्या दांड्यावर एक जड चक्र असते. त्याच्या खुंट्यांवर तीन गुटके अडकविलेले असतात व प्रत्येकाला एक स्प्रिंग आत दाबून धरते. या सर्वांवर घंटेच्या आकाराची पोलादी वाटी बसते. ती चक्राला जोडलेली नसते. तिच्या दात्यांमधून गती चाकांकडे जाते. इंजिन मंद असताना गुटके मिटलेले राहतात. वेग वाढला, की गोफणीतील दगड जसा दूर सुटू पाहतो तसे ते बाहेर झेपावतात, वाटीला आतून घासून पकडतात आणि गाडी निघते. फेऱ्यांचा वेग दुप्पट झाल्यास हे केंद्रोत्सारी बल चौपट होते. जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या यंत्राला जो नियामक बसविला, त्यातील दोन गोळे याच न्यायाने दूर सरत. गिअर नसलेल्या स्कूटरीतही असाच क्लच असतो.

मूळच्या स्प्रिंगा वारंवार तापून ढिल्या पडतात. मग मंद गतीतही गाडी पुढे सरकू लागते आणि ब्रेक लावताच चाकांबरोबर इंजिनही बंद पडते. अशा वेळी जाणकार 0.9 मिलिमीटर तारेच्या स्प्रिंगा काढून 1.0 किंवा 1.1 मिलिमीटरच्या घालतो. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे कोणासही वाटेल. परंतु स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. आकार तोच ठेवून 0.9 ऐवजी 1.0 ची तार घेतली, की तो सुमारे दीडपट होतो!

ताठर स्प्रिंगांमुळे इंजिन आधी जोर धरते आणि मग गाडी एकदम उसळी मारते. घट्ट पट्टीवर हे शोभते. भुसभुशीत मातीवर मात्र अंगलट येते. चाके जागीच फिरून धुरळा उडवितात व वळणावर गाडी आडवी होते. तेथे मऊ स्प्रिंगच बरी. शिवाय फार ताठर स्प्रिंगा असल्या, तर गुटके भर वेगात वाटीला लागून घसरत राहतात, वाटी तापते आणि तिचे बेअरिंग जळते. महागडी, जाड स्प्रिंग ती चांगली, हा समज त्यामुळे खरा नव्हे. तिन्ही स्प्रिंगा एकदमच बदलणे इष्ट. नाहीतर एक गुटका मागाहून लागतो आणि पकड असमान होते.

आणि एखादी स्प्रिंग तुटली तर? मोकळा झालेला गुटका वाटीला घासतच राहतो. चालकाने वेग पूर्ण कमी केला तरी गाडी हटत नाही. ती माणसांच्या पायांत शिरू शकते. म्हणून नव्या स्प्रिंगा घातल्यावर इंजिन प्रथम सुरू करताना गाडी ठोकळ्यावर, चाके अधांतरी राहतील अशी ठेवतात. मंद गतीतच चाके जोराने फिरू लागली, तर ती खाली उतरवीत नाहीत. इंजिन बंद करून वाटी निवू देतात, आणि मगच ती उघडून स्प्रिंगा एकेक करून तपासतात.