पदपथावरील उपजीविका आणि कायद्याचे संरक्षण

भाजीची टोपली, फळांची हातगाडी, चहाची टपरी, कपड्यांची पथारी यांवाचून आपल्या शहरांची कल्पना करता येणार नाही. कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात आणि घराच्या वाटेवरच नित्य गरजेच्या वस्तू उपलब्ध करून देणारा हा व्यवसाय आहे. असे असूनही पथविक्रेत्याकडे पाहण्याची प्रशासनाची आणि नागरिकांची दृष्टी दीर्घकाळ संशयाची राहिली. रहदारीतील अडथळा आणि अतिक्रमण याच दोन शब्दांत त्याची नोंद होत गेली. या व्यावसायिकाला कायद्याने कोणते हक्क दिले आहेत, त्याची कर्तव्ये कोणती आणि अंमलबजावणी कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्थव्यवस्थेतील स्थान

पथविक्रेता हा ग्रामीण उत्पादक आणि शहरी ग्राहक यांना जोडणारा शेवटचा दुवा होय. घाऊक बाजारात उतरलेला शेतमाल गल्लोगल्ली पोहोचविण्याचे काम तोच करतो. नाशवंत माल त्याच दिवशी खपतो, त्यामागे या विक्रेत्यांची पायपीट असते. म्हणून हा प्रश्न केवळ शहराचा आहे असे मानणे योग्य ठरणार नाही. गावातील शेतमजुरी संपल्यावर शहराकडे आलेली अनेक कुटुंबे याच व्यवसायावर उभी आहेत. पतीच्या निधनानंतर किंवा कारखाना बंद पडल्यानंतर घर चालविण्यासाठी टोपली उचलणाऱ्या स्त्रियांचे प्रमाणही मोठे आहे.

या व्यवसायाचे भांडवल अत्यल्प असते आणि तेही पुष्कळदा उसनवारीचे असते. उदाहरणादाखल, सकाळी सावकाराकडून एक हजार रुपये घेऊन सायंकाळी अकराशे रुपये परत करणारी भाजीविक्रेती महिन्यातील २५ दिवसांत अडीच हजार रुपये व्याज भरते. मुद्दल मात्र एक हजारच राहते. अशा स्थितीत एकदा गाडी उचलली गेली की माल जातो, दिवसाची कमाई जाते आणि सायंकाळचे देणे तसेच शिल्लक राहते. जप्तीच्या कारवाईचा परिणाम मोजताना हा हिशेब डोळ्यांसमोर असला पाहिजे.

न्यायालयीन निर्णयांचा मार्ग

पथविक्रेत्यांच्या हक्कांचा पाया न्यायालयांनी घातला. मुंबईतील पदपथावर राहणाऱ्यांच्या संदर्भातील ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्याच वर्षी मुंबईतील फेरीवाल्यांच्या संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाने फेरीवाला क्षेत्र आणि ना-फेरीवाला क्षेत्र अशी आखणी करण्याचा मार्ग दाखविला.

यानंतर १९८९ मध्ये सोदन सिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महत्त्वाचा निर्वाळा दिला. रस्त्यावर व्यवसाय करणे हे अनुच्छेद १९ (१) (छ) अन्वये व्यवसायस्वातंत्र्यात मोडते, तथापि त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि एखाद्या विशिष्ट जागेवर कायमचा हक्क कोणालाही सांगता येणार नाही, असा त्याचा आशय होता. केंद्र शासनाने २००४ मध्ये पथविक्रेत्यांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले व २००९ मध्ये ते सुधारले. परंतु धोरणाला कायद्याचे बळ नसते. २०१० मध्ये गेंदा राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा करण्याची आवश्यकता स्पष्ट केली. या वाटचालीत अहमदाबाद येथे १९७२ साली इला भट्ट यांनी स्थापन केलेल्या ‘सेवा’ या संघटनेसारख्या संस्थांचा वाटा मोलाचा होता.

२०१४ चा अधिनियम

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा १ मे २०१४ पासून अमलात आला. नावाप्रमाणेच संरक्षण आणि विनियमन ही त्याची दोन अंगे आहेत. त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

(१) दर पाच वर्षांतून किमान एकदा पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे असून ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणासही हटविता येत नाही.

(२) प्रत्येक नागरी क्षेत्रात महानगरपालिका आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात विक्रेत्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के आणि त्यांपैकी एक-तृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे.

(३) स्थलांतर किंवा निष्कासन करावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस आवश्यक आहे.

(४) माल जप्त केल्यास त्याची यादी करून ती विक्रेत्याला द्यावी लागते. विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावयाचा असतो.

(५) प्रमाणपत्रधारकाचा मृत्यू झाल्यास किंवा त्याला कायमचे अपंगत्व आल्यास पती, पत्नी अथवा अवलंबून असलेले अपत्य व्यवसाय पुढे चालवू शकते.

(६) अटींचे पालन करणाऱ्या विक्रेत्याला पोलीस वा अन्य यंत्रणेकडून होणाऱ्या त्रासापासून संरक्षण आहे. तक्रारींसाठी न्यायिक अनुभव असलेल्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखालील समितीची तरतूद आहे.

हक्कांबरोबर कर्तव्येही आहेत. प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. जागेची स्वच्छता राखणे, ठरलेल्या क्षेत्रात व वेळेत व्यवसाय करणे आणि विहित शुल्क भरणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.

अंमलबजावणीचा प्रश्न

कायद्यानुसार पथविक्री आराखड्यात प्रभागाच्या अथवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के मर्यादेपर्यंत सर्व विद्यमान विक्रेत्यांना सामावून घ्यावयाचे असते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने ही मर्यादा ३ लाखांहून अधिक होते. प्रत्यक्षात २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि त्यांतील सुमारे ३२ हजार पात्र ठरले. समितीवरील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींची निवडणूक ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे अधिनियम लागू झाल्यानंतर दहा वर्षांनी झाली. ज्याची नोंदच झाली नाही तो विक्रेता प्रमाणपत्र, मतदान आणि आराखड्यातील जागा या तिन्हींपासून वंचित राहतो. म्हणून सर्वेक्षण हेच या कायद्याचे प्रवेशद्वार होय.

पादचाऱ्यांची बाजू

पदपथ हा चालणाऱ्यांसाठी आहे, हेही तितकेच खरे. वृद्ध, अपंग आणि शाळकरी मुले यांना रस्त्यावर उतरून चालावे लागणे धोक्याचे आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील तत्कालीन एल्फिन्स्टन रोड, आताचे प्रभादेवी, या स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकांपासून १५० मीटरपर्यंत व्यवसायास मनाई असल्याचे स्पष्ट केले. मात्र जागा निश्चित करून दिल्यावाचून केवळ मनाई केल्यास विक्रेता सकाळी हटतो आणि सायंकाळी तेथेच परततो. पिढ्यान्‌पिढ्या भरत आलेले नैसर्गिक बाजार ओळखणे, जागेची क्षमता ठरविणे आणि एकाच जागेवर वेळा वाटून देणे हे उपाय कायद्याला अभिप्रेत आहेत. पादचारी आणि विक्रेता या दोघांचेही हित आखणीतच आहे.

आपले कर्तव्य

नगरपालिका व नगरपंचायतींच्या सदस्यांनी आपल्या गावी समिती रीतसर स्थापन झाली आहे काय आणि तिच्या बैठका होतात काय, याची चौकशी करावी. आठवडी बाजार असलेल्या नगरपंचायतींनी आराखडा लवकर केल्यास पुढील संघर्ष टळतील. अधिकाऱ्यांनी जप्तीच्या वेळी यादी देण्याचा नियम कटाक्षाने पाळावा. यादी नसलेली जप्ती हीच हप्तेबाजीला वाव देते. शिक्षकांनी अर्ज भरणे, कागदपत्रे जुळविणे यांत साक्षरतेअभावी मागे पडणाऱ्या विक्रेत्यांना साहाय्य करावे. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत प्रारंभी १० हजार रुपयांचे पहिले कर्ज विनातारण देण्याची सोय करण्यात आली. प्रमाणपत्र नसलेल्यांसाठी शिफारसपत्राचा मार्गही ठेवण्यात आला. अशा योजनांची माहिती टोपली घेऊन बसणाऱ्या शेवटच्या स्त्रीपर्यंत पोहोचली, तर तिचे रोजचे व्याज वाचेल.

पथविक्रेता दयेची याचना करीत नाही. कायद्याने मान्य केलेली जागा, कायद्याने ठरविलेली नोटीस आणि जप्त मालाची यादी एवढीच त्याची मागणी आहे. ती पूर्ण करणे स्थानिक प्रशासनाच्या आवाक्यातील आहे.