बिघडलेल्या बाटलीची तपासणी

चि. निनाद यास,

ई-सिगारेटसाठी घरी मिसळलेल्या ई-लिक्विडमध्ये चारच घटक असतात: प्रॉपिलीन ग्लायकॉल म्हणजे पीजी, व्हेजिटेबल ग्लिसरीन म्हणजे व्हीजी, निकोटिन आणि फ्लेवर. तरीही चव बिघडली की बहुतेकांचा हात फ्लेवरच्या बाटलीकडे जातो, आणि दुसरी चूक तिथेच होते. बिघडलेल्या मिश्रणात आणखी काही ओतले की मूळ कारण सापडण्याची आशा संपते. त्याआधी दोष द्रवाचा की यंत्राचा, हे ठरवावे. द्रव तापवणारी नवी कॉइल बसवून दुकानातले खात्रीचे लिक्विड ओढून पाहावे. जळकट चव तशीच राहिली, तर मिश्रण निर्दोष आहे.

कधी द्रव आणि कॉइल दोन्ही चांगली असतात, पण त्यांचे एकमेकांशी जमत नाही. बारीक छिद्रांच्या, जास्त रोधाच्या कॉइलमध्ये 80 टक्के व्हीजीचे दाट मिश्रण कापसात वेळेवर शिरत नाही. कापूस कोरडा पडून जळतो. अशा कॉइलला पीजी-व्हीजीचे निम्मे-निम्मे मिश्रण मानवते. उलट मोठ्या छिद्रांच्या, कमी रोधाच्या कॉइलमध्ये पातळ मिश्रण गळते आणि गुरगुरते.

सर्वांत जास्त घोटाळे मापात होतात. पीजीच्या एका मिलीलीटरचे वजन साधारण 1.04 ग्रॅम, तर व्हीजीचे 1.26 ग्रॅम. ब्रिटनमध्ये 2016च्या नियमांनुसार निकोटिनचे द्रव 10 मिलीलीटरच्या बाटलीतच आणि जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम प्रति मिलीलीटर इतक्याच तीव्रतेचे विकता येते. 18 मिलिग्रॅमची अशी एक बाटली, 6 मिलीलीटर फ्लेवर, 42 व्हीजी आणि 2 पीजी मिळून 60 मिलीलीटर होतात. निकोटिन 3 मिलिग्रॅमवर येते. आता काट्यावर व्हीजी 53 ग्रॅम घालायला हवे. कोणी 42 मिलीलीटर म्हणजे 42 ग्रॅम असे धरले, तर सुमारे 9 मिलीलीटर व्हीजी कमी पडते. निकोटिन साडेतीनवर जाते आणि फ्लेवर 10 टक्क्यांचा जवळजवळ 12 टक्के होतो. मग घसा खवखवला की फ्लेवरला दोष दिला जातो! शतांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि तारीखवार वही ही दोन साधने कोणत्याही महागड्या फ्लेवरपेक्षा अधिक उपयोगी. नवी कृती आधी 10 मिलीलीटरमध्ये करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

हिशेब बरोबर असूनही घसा झोंबत असेल, तर तीन शक्यता उरतात. पीजीचे प्रमाण जास्त असेल, निकोटिन जुने असेल किंवा मिश्रण नीट ढवळलेले नसेल. हवा आणि उजेड लागून निकोटिन पिवळे-तपकिरी होते आणि मिरीसारखे झोंबते. पण रंगावरून घाईने निष्कर्ष काढू नये. व्हॅनिला असलेले मिश्रणही आपोआप गडद होते. थंडीत व्हीजी मधासारखे घट्ट होते, निकोटिन त्यात नीट मिसळत नाही आणि एक झुरका सौम्य, पुढचा जहाल लागतो. व्हीजीची बंद बाटली कोमट पाण्यात ठेवून, मग निकोटिन मिसळून, भरपूर हलवावे.

चव फिकी लागणे ही सर्वांत फसवी तक्रार. फळांचे मिश्रण एक-दोन दिवसांत तयार होते. कस्टर्ड किंवा तंबाखूच्या स्वादाला दोन ते चार आठवडे मुरू द्यावे लागते. तेवढा काळ झाकण उघडे ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण त्याने वास उडतो आणि निकोटिन खराब होते. एकच स्वाद सतत ओढून जीभही बधिर होते. ती बधिर झालेली नाही हे पाहूनच फ्लेवर वाढवावा, कारण अति फ्लेवरनेही चव दबते. कॉइल चारच दिवसांत काळी पडत असेल, तर सुक्रालोजचे गोडवर्धक आधी बंद करावे.

काही बाटल्या मात्र दुरुस्त करायच्या नसतात, फेकायच्या असतात. पृष्ठभागावर तेलाचा तवंग दिसला तर ते मिश्रण ओढू नये. स्वयंपाकाचे तेलयुक्त अर्क आणि सुगंधी तेले पीजीत नीट विरघळत नाहीत. फुप्फुसात तेल गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. अमेरिकेत 2019-20 मध्ये व्हेपिंगशी जोडलेल्या फुप्फुसविकाराने 68 मृत्यू नोंदले गेले. त्यांतील मुख्य संशयित गांजाच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होते. लोण्याच्या स्वादातील डायअसिटिलही वर्ज्य. मिसुरीतील पॉपकॉर्न कारखान्याच्या कामगारांना त्याच्या वाफेने असाध्य श्वसनरोग झाला होता. दालचिनी आणि लिंबूवर्गीय स्वादांनी प्लास्टिकच्या टाकीला तडे जातात. तिथे काच वापरावी.

ग्लिसरीन औषधी दर्जाचेच घ्यावे. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला. ही भेसळ रंगावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही.

निकोटिन हाताळताना हातमोजे घालावेत, त्वचेवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी, अंधाऱ्या थंड जागी ठेवावी. हा सारा खटाटोप सिगारेट सोडू पाहणाऱ्यापुरताच. ज्याने कधी ओढली नाही, त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ब्रिटनहून सुट्टीला येताना उपकरण आणि बाटल्या तिकडेच ठेवाव्यात.

तुझा,
काका