संकरित विद्युत विमान : प्रश्न वजनाचा

इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर देण्याची संकरित पद्धती मोटारगाडीत रुळली आहे. जपानमध्ये १९९७ साली विक्रीस आलेली टोयोटा प्रियस ही गाडी ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठविते. विमानास मात्र वाटेत थांबे नसतात. उलट बॅटरीचा भार पेलून उडावे लागते. एक किलो विमान-इंधनात तेवढ्याच वजनाच्या लिथियम-आयन बॅटरीच्या सुमारे चाळीसपट ऊर्जा असते. शिवाय इंधन जळते तसे विमान हलके होते. बॅटरी रिती झाली तरी तिचे वजन कायम राहते. म्हणूनच उड्डाण घेताना मोटरचे साहाय्य व पुढील प्रवास इंधनावर, असा मध्यममार्ग संशोधक चोखाळीत आहेत. चार इंजिनांपैकी एकाच्या जागी दोन मेगावॅटची मोटर बसविण्याचा एअरबसचा ‘ई-फॅन एक्स’ प्रकल्प २०१७ मध्ये जाहीर झाला. २०२० मध्ये उड्डाणापूर्वीच तो थांबविण्यात आला. हलकी बॅटरी हाती येईपर्यंत लांब पल्ल्याच्या विमानांना इंधनाची साथ सोडता येणार नाही.